लॅपटॉपची बॅटरी जास्त वेळ चालवायची असेल तर आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा

बॅटरी टिकत नाही म्हटलं की बहुतेक लोक एकाच दिवशी दहा गोष्टी बदलतात. ब्लूटूथ बंद, डार्क मोड चालू, कुठलंतरी बॅटरी वाचवणारं ॲप टाकलं, अँटीव्हायरस उडवला, कुणीतरी सांगितलं म्हणून बॅटरी पार शून्यावर नेऊन परत शंभर केली. एवढं सगळं करून दोन तासांचे फार तर सव्वादोन तास होतात, कारण जे खरंच वीज खातंय त्याला हातच लागलेला नसतो, आणि सगळं एकदम बदलल्यामुळे थोडाफार फरक पडला असला तरी तो कशाने पडला हेही कळत नाही.

म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. सगळं विंडोज ११ धरून लिहिलंय, मॅकवाल्यांसाठी पुढे वेगळं दिलंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करून ठेवा. एका चार्जमध्ये लॅपटॉप किती तास चालतो हा एक प्रश्न, आणि बॅटरी किती वर्षं टिकते हा दुसरा. लोक या दोन्हींची भेसळ करतात. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, पहिल्या प्रश्नात त्याने उलट तासच कमी होतात. इथे आपण पहिलाच प्रश्न धरलाय.

तयारी

हिशोब अगदी सोपा आहे. बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये असतं, लॅपटॉप किती वेगाने ती खातो ते वॉटमध्ये. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की तास. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि लॅपटॉप १० वॉट खात असेल तर ५ तास. टाकी केवढी आणि नळ किती सुटलाय, एवढंच.

तर आपल्याला हे दोन आकडे काढायचेत. कागद-पेन घ्या किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा, पण लिहा, लक्षात ठेवतो म्हणू नका. आणि ही मोजणी नवीन लॅपटॉप घेतल्यावर किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत करू नका, तेव्हा अपडेट डाउनलोड होत असतात, फाइलींचं इंडेक्सिंग चालू असतं, वनड्राइव्ह सगळं वर चढवत असतं. तो काळ जाऊ द्या.

टप्पा १: बॅटरीत मुळात किती जीव उरलाय ते बघा

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यात इंग्रजीत पॉवरसीएफजी (powercfg) असं सलग लिहा, एक स्पेस द्या, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हाही एकच शब्द. एंटर मारलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तो पत्ता तिथेच दिसतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडला असेल तर फाइल सिस्टिम ३२ च्या फोल्डरमध्ये जाते आणि मग माणूस डॉक्युमेंट्समध्ये शोधत बसतो, म्हणून साधाच उघडा. फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात फक्त दोन ओळी बघायच्या, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा डिझाइन ५०,००० आहे आणि फुल चार्ज ३८,०००, हे मिलिवॉट-अवर आहेत, म्हणजे बॅटरी कंपनीतून निघाली तेव्हा ५० वॉट-अवरची होती आणि आज ३८ ची राहिलीय. ७६ टक्के. स्क्रीनवर मात्र ती १०० टक्केच दाखवणार, कारण ते १०० टक्के या ३८ चे असतात. "फुल चार्ज करतो तरी लगेच संपते" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते.

माझ्या मते ८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरी चांगली आहे, पुढचे सगळे टप्पे नीट उपयोगी पडतील. ६० ते ८० मध्ये असेल तरी पडतील, फक्त नवीन असतानाच्या तासांची अपेक्षा सोडा. ५० च्या आसपास किंवा खाली असेल तर सेटिंगमध्ये जीव आटवू नका, थेट शेवटच्या टप्प्यावर जा.

> तपासा: चार्जिंग ६० किंवा ८० वर जाऊन थांबतंय का? मग बॅटरी खराब नाही, कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज लिमिट चालू आहे. लेनोवोमध्ये व्हँटेज, असुसमध्ये मायअसुस, एचपी आणि डेलमध्ये ते बायोसमध्येही (विंडोज सुरू व्हायच्या आधीची लॅपटॉपची मूळ सेटिंग) असू शकतं.

> सावधान: टचपॅड वर आलेलं दिसतंय, झाकण नीट मिटत नाही किंवा खालचं कव्हर फुगलंय असं वाटलं तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद करा, लॅपटॉप बंद करा, दाबून बघू नका, टोचू तर अजिबात नका, आणि सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. बाकी सगळं नंतर.

टप्पा २: लॅपटॉप किती वॉट खातोय ते काढा

चार्जर काढा. रोज जे काम करता तेच काम अर्धा तास करा, एक्सेल तर एक्सेल, ब्राउझर तर ब्राउझर. सुरुवातीचा टक्का आणि शेवटचा टक्का लिहा. ३८ वॉट-अवरची बॅटरी अर्ध्या तासात १६ टक्के उतरली तर साधारण ६ वॉट-अवर गेले, म्हणजे तासाला १२, म्हणजे लॅपटॉप १२ वॉट खातोय आणि पूर्ण बॅटरीत तुम्हाला तीन तासांपेक्षा थोडंच जास्त मिळणार. हाच आकडा साडेसातवर आणला तर त्याच जुन्या बॅटरीत पाच तास होतात. आपल्याला हेच साधायचंय.

एचडब्ल्यूइन्फो किंवा बॅटरीइन्फोव्ह्यू अशी फुकट सॉफ्टवेअर आहेत जी आत्ता किती वॉट जातायत ते दाखवतात. ती चांगली आहेत, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर असं मोजणारं सॉफ्टवेअरच कधीकधी त्या कार्डाला झोपू देत नाही आणि आकडा फुगून येतो. म्हणून अर्ध्या तासाची टक्क्याची पद्धतच मला जास्त भरवशाची वाटते. टास्कबारवर दिसणारा "अमुक तास बाकी" हा अंदाज मात्र बघूच नका, एक व्हिडिओ लावला की तो निम्मा होतो.

साधारण अंदाज म्हणून, साधा ऑफिस लॅपटॉप नुसतं टायपिंग करताना ५ ते ८ वॉटच्या आसपास असतो, व्हिडिओ कॉलवर १२ ते २० सहज. गेमिंग लॅपटॉप काहीच न करता १५ च्या वर खात असेल तर टप्पा ४ तुमच्यासाठी आहे.

> थांबा: यापुढे एका वेळी एकच बदल करायचा, परत अर्धा तास मोजायचं, आकडा लिहायचा, मग पुढचा बदल. कंटाळा येतो हे मान्य, पण आपल्या लॅपटॉपवर काय खरंच चालतं हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

टप्पा ३: स्क्रीन

साध्या कामात सगळ्यात मोठा खर्च बहुतेक वेळा स्क्रीनचाच असतो आणि तरी लोक ब्राइटनेस शेवटी बघतात. पूर्ण ब्राइटनेस आणि निम्म्यात २ ते ३ वॉटचा फरक आरामात पडतो, मोठ्या किंवा फोर-के पॅनेलवर त्याहून जास्त. घरात, ऑफिसात ४० टक्के बहुतेकांना पुरतो. खिडकीकडे पाठ करून बसला असाल तर स्क्रीनवर उजेड पडतो आणि हात आपोआप ब्राइटनेस वाढवायला जातो, त्यापेक्षा खुर्ची फिरवा.

दुसरं म्हणजे रिफ्रेश रेट, स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा. १२० किंवा १४४ हर्ट्झची स्क्रीन असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन ६० करा. वर्ड आणि ईमेलला १४४ चा काही उपयोग नाही. काही लॅपटॉपवर तिथेच डायनॅमिक असा पर्याय असतो, तो असेल तर तो ठेवा.

डार्क मोडबद्दल एकदा नीट सांगतो. ओएलईडी स्क्रीन असेल तर काळा पिक्सेल जवळपास बंदच असतो, तिथे फायदा होतो. साध्या आयपीएस एलसीडीमध्ये मागचा दिवा तसाच जळत राहतो, समोर काळं असो की पांढरं, त्यामुळे बॅटरीच्या दृष्टीने काही होत नाही. डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा, पण त्यावर तास मोजू नका.

कीबोर्डचा लाइट दिवसा बंद ठेवा. बस, स्क्रीनचं एवढंच.

टप्पा ४: दोन ग्राफिक्स कार्ड असतील तर मोठं झोपलंय का बघा

ज्यांच्याकडे एनव्हिडिया किंवा एएमडीचं वेगळं कार्ड नाही त्यांनी हा टप्पा सोडा. बाकीच्यांनी इथे थांबून नीट वाचा, कारण गेमिंग लॅपटॉप दीड तासात बंद पडतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

अशा लॅपटॉपमध्ये रोजचं काम प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स करतं आणि मोठं कार्ड पूर्ण झोपलेलं असायला हवं. ते जागं राहिलं तर काही न करताही कित्येक वॉट खातं. जागं राहायची कारणं ठरलेली आहेत.

एक, कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये ग्राफिक्स मोड "फक्त डिस्क्रीट", म्हणजे सगळं काम मोठ्या कार्डावर, असा ठेवलेला असतो, गेमसाठी कधीतरी बदलला आणि तसाच राहिला. तो हायब्रिड किंवा ऑप्टिमस करा, बहुतेक वेळा रिस्टार्ट लागतो.

दोन, एचडीएमआयला बाहेरचा मॉनिटर लावलाय. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये तो पोर्ट थेट मोठ्या कार्डाला जोडलेला असतो, म्हणजे मॉनिटर लावलाय तोवर कार्ड जागं. बॅटरीवर असाल तर मॉनिटर काढा.

तीन, एखादं ॲपच त्या कार्डावर चालतंय. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉप मेनूतून जीपीयू ॲक्टिव्हिटीचं आयकॉन चालू करता येतं, ते घड्याळाजवळ दिसतं आणि त्यावर क्लिक केलं की कोण कार्ड वापरतंय त्यांची नावं येतात. ज्यांची गरज नाही त्यांना सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन पॉवर सेव्हिंग द्या. वॉलपेपर हलवणारी सॉफ्टवेअर आणि गेम लाँचर इथे नेहमी सापडतात.

> चूक: डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मोठं कार्ड डिसेबल करणं. ड्रायव्हर गेला की त्याला झोपवणारंही कुणी उरत नाही आणि काही लॅपटॉपवर ते आधीपेक्षा जास्त वीज खायला लागतं. मोड बदला, डिसेबल करू नका.

टप्पा ५: ब्राउझर आणि मागे चालणारी ॲप

सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी, त्यात बॅटरी युसेज. गेल्या २४ तासांत किंवा ७ दिवसांत कुठल्या ॲपने किती टक्के खाल्लं ते येतं, आणि त्यातही समोर उघडं असताना किती आणि मागे लपून किती हे वेगळं दाखवतात. मागे लपून खाणाऱ्यांवर आधी हात टाका. जे स्टोअरवरून आलेलं ॲप आहे त्याला इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जाऊन बॅकग्राउंड परवानगी "नेव्हर" करता येते. बाकीच्यांना टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून काढा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मीटिंगची ॲप, गेम लाँचर, प्रिंटरची आणि कंपनीची फालतू "असिस्टंट" सॉफ्टवेअर, यातलं काहीही लॅपटॉप सुरू होतानाच उघडायची गरज नसते.

ब्राउझरमध्ये टॅब किती आहेत यापेक्षा ते काय करतायत हे महत्त्वाचं. तीस टॅब शांत पडून असतील तर फार काही होत नाही, एकच न्यूज साइट जिच्यावर जाहिरातींचे व्हिडिओ आपोआप चालतायत ती त्या तिसांना भारी पडते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, सीपीयूच्या कॉलमवर क्लिक करा, वर कोण आलं ते बघा आणि बंद करा. अनेकदा वर एक्स्टेन्शन असतं. मग क्रोमच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये मेमरी सेव्हर आणि एनर्जी सेव्हर चालू करा, एजमध्ये स्लीपिंग टॅब्स आणि एफिशियन्सी मोड. आणि क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमध्ये "क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवा" असा एक पर्याय असतो तो बंद करा, आणि ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचा पर्याय मात्र चालूच राहू द्या. बॅटरी वाचेल म्हणून लोक तो बंद करतात आणि व्हिडिओचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, फॅन घोंघावायला लागतो.

यूट्यूबवर क्लास बघणारे खूप आहेत त्यांच्यासाठी हे. व्हिडिओ ज्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबून लहान करायच्या पद्धतीत, येतो तो तुमच्या ग्राफिक्सला हार्डवेअरमध्ये उलगडता आला तर वीज कमी लागते, नाहीतर प्रोसेसर तापतो. इंटेलमध्ये एव्हीवन हा कोडेक ११ व्या पिढीपासून हार्डवेअरमध्ये चालतो. त्याआधीचा लॅपटॉप असेल तर यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये जाऊन एव्हीवन फक्त कमी क्वालिटीसाठी ठेवा. आणि फळ्यावरचं लेक्चर ७२० वर स्वच्छ दिसतं, त्याला १०८० च्या वर नेऊ नका.

व्हिडिओ कॉलमध्ये बॅकग्राउंड ब्लर बंद करा, त्याला सतत हिशोब लागतो. आणि मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं असेल तर कॅमेराही.

> तपासा: काहीच उघडं नसताना फॅन जोरात चालू आहे? टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू बघा. विंडोज अपडेट किंवा अँटीव्हायरस स्कॅन असेल तर चार्जर लावून ते एकदा पूर्ण होऊ द्या, मध्ये तोडलंत तर ते परत सुरू होणार.

टप्पा ६: पॉवर मोड

हा मुद्दाम इतका खाली ठेवलाय. पॉवर अँड बॅटरीमध्ये पॉवर मोड बॅटरीसाठी "बेस्ट पॉवर एफिशियन्सी" करा. एनर्जी सेव्हर, काही व्हर्जनमध्ये बॅटरी सेव्हर, हा आपोआप किती टक्क्यांवर सुरू व्हावा ते तिथेच ठरवता येतं. दिवसभर बाहेर राहायचं असेल तर शेवटच्या २० टक्क्यांची वाट न बघता पहिल्यापासूनच चालू ठेवा, कारण वाचवायचंय ते भरलेल्या बॅटरीतून.

कंपनीच्या ॲपमध्येही टर्बो, परफॉर्मन्स, सायलेंट असे मोड असतात. विंडोजमध्ये एफिशियन्सी आणि कंपनीच्या ॲपमध्ये टर्बो असं ठेवून उपयोग नाही, दोन्हीकडे एकच दिशा हवी.

टप्पा ७: झाकण मिटल्यावर जाणारी बॅटरी

रात्री ७० टक्के होती, सकाळी ४५, बॅगेतून काढला तर गरम. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोप नसते, त्याजागी मॉडर्न स्टँडबाय असतो, म्हणजे फोनसारखा लॅपटॉप मिटूनही नेटला जोडलेला राहतो आणि अधूनमधून जागा होतो.

उपाय म्हणजे हायबरनेट. त्यात सगळं काम एसएसडीवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो, उघडल्यावर सगळं होतं तिथेच मिळतं, फक्त थोडे सेकंद जास्त लागतात. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे "झाकण मिटल्यावर काय करायचं". तिथे बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट निवडा. यादीत हायबरनेट दिसतच नसेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ, हायबरनेट, स्पेस, ऑन, आणि मग परत बघा.

हेही करून रात्रीत टक्के जात असतील तर बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये "ऑलवेज ऑन यूएसबी" शोधा, बंद लॅपटॉपवरून मोबाइल चार्ज करायची ती सोय आहे. ती बंद करा. माउसचा डोंगल, पेनड्राइव्ह काढून ठेवा.

टप्पा ८: दिवसभर लाइट नसेल तेव्हा

आठवड्याच्या मेंटेनन्सला लाइट जाणार आहे, गावी पावसात तारा तुटल्यात किंवा एसटीत काम करायचंय, तर आदल्या रात्री चार्ज लिमिट काढून १०० टक्के करा. एका दिवसाने बॅटरीचं काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी परत ८० लावा. मोठे डाउनलोड, फाइल सिंक, अपडेट सगळं रात्रीच उरका आणि सकाळी सिंक थांबवा.

लाइट गेली की राउटरही जातो आणि आपण मोबाइल हॉटस्पॉटवर येतो. इथे एक चूक खूप जण करतात, मोबाइल केबलने लॅपटॉपला लावतात. मोबाइल लगेच लॅपटॉपमधून चार्ज व्हायला लागतो, टाइप-सी पोर्ट १५ वॉटपर्यंत देऊ शकतो, म्हणजे लॅपटॉप स्वतः खातो त्यापेक्षा जास्त मोबाइल ओढू शकतो. हॉटस्पॉट वायफायवरच ठेवा आणि मोबाइलसाठी साधी पॉवर बँक.

लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर त्यालाही पॉवर बँक चालते, पण ती पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, असलेली आणि ४५ किंवा ६५ वॉट देणारी हवी. मोबाइलची १८ वॉटवाली बहुतेक लॅपटॉप घेतच नाहीत. २०,००० एमएएचची बँक म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, थोडं वाया जाऊनही बऱ्याच लॅपटॉपना एक पूर्ण चार्ज मिळतो. विमानात साधारणपणे १०० वॉट-अवरपर्यंतची बँक चालते, पण ती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही.

मॅक असेल तर

सिस्टिम सेटिंग्ज, बॅटरी, तिथे लो पॉवर मोड "ओन्ली ऑन बॅटरी" करा आणि बॅटरी हेल्थमध्ये मॅक्सिमम कपॅसिटीचा टक्का बघा, तोच तुमचा टप्पा १. ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या एनर्जी टॅबमध्ये कोण खातंय ते दिसतं. बाकी ब्राइटनेस आणि ब्राउझरचं वर लिहिलंय तसंच.

टप्पा ९: बॅटरीच बदलायची असेल तर

लॅपटॉपचं मॉडेल नाव देऊन बॅटरी मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-अवर जुळवा. शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या, बाजारातल्या निम्म्या किमतीच्या बॅटऱ्यांवर लिहिलेले वॉट-अवर आत असतीलच असं नाही. बसवून झाल्यावर दुकानातून निघायच्या आधी परत टप्पा १ चा रिपोर्ट काढा, डिझाइन कपॅसिटी लेबलवरच्या आकड्याशी जुळते का आणि सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण भरून वापरली तो आकडा, शून्याच्या जवळ आहे का ते बघा, काही लॅपटॉप सायकल दाखवत नाहीत तिथे निदान कपॅसिटी तरी बघाच.

नवीन बॅटरीचा टक्का पहिल्यांदा उड्या मारत असेल तर एकदाच पूर्ण भरा, १० टक्क्यांपर्यंत वापरा, परत मध्ये न तोडता पूर्ण भरा, मापन जागेवर येतं. दर महिन्याला शून्यावर न्यायची गरज नाही, लिथियम बॅटरीला त्याने नुकसानच होतं. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, घंटागाडीत चेपली गेली तर पेट घेऊ शकते, ती सर्व्हिस सेंटरलाच किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.